मुकादम तुमच्याआधी पोहोचतो

प्रति,
विश्वस्त महोदय,
एक खासगी कौटुंबिक प्रतिष्ठान.

विषय : तुमचा अर्ज, तुमची तारीख आणि दिवाळीनंतर रिकामे झालेले आमचे पाडे.



तुमच्या प्रतिष्ठानाचं नाव मी मुद्दाम लिहिलेलं नाही. तुमच्यासारखी आणखीही प्रतिष्ठानं आहेत, त्यांनीही हे पत्र आपल्यालाच आलं असं समजावं.

मी काठीहून लिहितो आहे. नंदुरबार जिल्ह्यातला अक्कलकुवा तालुका, सातपुड्याच्या डोंगरातलं गाव. तुम्ही ते होळीमुळे ओळखता. इथली राजवाडी होळी बघायला लांबून माणसं येतात. उंच बांबू उभा राहतो, रात्रभर ढोल वाजतो आणि पहाटे होळी पेटते. त्या होळीत बुध्या बनून नाचणाऱ्या माणसाचा फोटो तुम्ही वार्षिक अहवालाच्या पहिल्या पानावर छापलात. अंगावर ठिपके, कमरेला घुंगरं, आणि खाली तुमच्या आजोबांच्या नावाचं बोधचिन्ह. त्या वर्षी तुम्ही या डोंगरात एक रुपयाही दिलेला नव्हता. फोटो आमचा घेतलात आणि मोठेपणा तुमच्या नावावर जमा केलात. आजच्या पत्राचं कारण मात्र त्याहून मोठं आहे.

आमची संस्था लहान आहे. स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांच्या मुलांसाठी आम्ही हंगामी वसतिगृह चालवतो. इथल्या डोंगरउताराच्या शेतीत वर्षभराचं भागत नाही. दिवाळी झाली की कुटुंबंच्या कुटुंबं ऊसतोडीला आणि मजुरीला निघतात, बरीचशी गुजरातेत. परततात ती होळीला. मूल आईबापाबरोबर गेलं की त्याची शाळा सुटते. मागे ठेवायचं तर त्याला जेवण हवं, झोपायला जागा हवी आणि रात्री जवळ एक मोठं माणूस हवं. म्हणजे आमचं काम दिवाळी ते होळी एवढ्या चार-पाच महिन्यांचं. 2011च्या जनगणनेत नंदुरबारची साक्षरता 64 टक्क्यांच्या आसपास होती, राज्यात सर्वांत कमी. त्या आकड्याच्या मुळाशी जी कारणं आहेत, त्यांतलं एक या चार-पाच महिन्यांत आहे.

आता तुमच्याकडे काय घडलं ते सांगतो.

जूनमध्ये तुमचं पोर्टल उघडलं. अर्ज इंग्रजीतच भरायचा होता. आमच्या पाड्यावर नेटवर्क नाही, म्हणून आमचा कार्यकर्ता टेकडीवर चढला. ओटीपी आला तेव्हा त्याची मुदत संपलेली होती. दुसऱ्या दिवशी तो मोलगीला गेला, दुकानात बसून त्याने नोंदणी केली आणि मग कागद चढवायला लागला. नोंदणी प्रमाणपत्र, संस्थेची घटना, 12ए, 80जी, पॅन, दर्पण पोर्टलचा क्रमांक, तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल, कार्यकारिणीचा ठराव, धर्मादाय कार्यालयात दाखल केलेला बदल अहवाल. हे सगळं आम्ही दिलं. कागद मागण्याबद्दल माझी तक्रार नाही. संस्थेच्या नावावर दुकान चालवणारे लोक या जिल्ह्यानेही पाहिले आहेत. हिशेब मागा आणि हक्काने मागा.

जुलैत तुम्ही तेच कागद पुन्हा मागितलेत, कारण तुमच्याकडचा अधिकारी बदलला होता. सप्टेंबरात तुमचे प्रतिनिधी पाहणीला आले आणि वसतिगृहात मुलं का नाहीत असं विचारू लागले. मुलं तेव्हा आपापल्या घरी होती, कारण आईबाप अजून गावातच होते. हंगामी या शब्दाचा अर्थ अर्जाच्या पहिल्याच ओळीत लिहिलेला होता. नोव्हेंबरात कळलं की विश्वस्तांची बैठक पुढे गेली आहे, कुटुंबातलं कुणी परदेशी आहे. जानेवारीत करार आला. पहिला हप्ता फेब्रुवारीच्या शेवटी जमा झाला आणि त्याबरोबर सूचना आली : 31 मार्चच्या आत सर्व रक्कम खर्च करून उपयोगिता प्रमाणपत्र पाठवावे.

तोवर होळी तोंडावर आली होती. पोरांचे आईबाप परतायला लागले होते. ज्या हंगामासाठी पैसे मागितले तो हंगाम संपला आणि मग पैसे आले.

या सगळ्या महिन्यांत एक माणूस कधी उशिरा आला नाही. तो म्हणजे ऊसतोडीसाठी मजूर नेणारा मुकादम. पावसाळ्यात घरातलं धान्य संपत येतं तेव्हा तो पाड्यावर येतो. ओट्यावर बसतो, घरातल्या कोयत्यांचा, म्हणजे तोडणीला जाणाऱ्या माणसांचा हिशेब करतो आणि मजुरीची आगाऊ उचल हातात ठेवतो. त्याला अर्ज लागत नाही, ओटीपी लागत नाही. त्या पैशाच्या बदल्यात तो अख्खं घर घेऊन जातो, पोरांसकट. त्याचा व्यवहार माणसाला पिळून काढणारा आहे हे त्या घरालाही माहीत असतं. पण तो वेळेवर येतो. विश्वस्त महोदय, त्या ओट्यावर तुमची गाठ मुकादमाशी आहे आणि दर वर्षी तुम्ही हरता. तुमच्या हरण्याची किंमत नऊ-दहा वर्षांचं पोर उसाच्या फडात पाचट गोळा करून भरतं.

दुसरं गाऱ्हाणं तुमच्या अंदाजपत्रकाच्या तक्त्याचं. त्यात वह्यांना रकाना आहे, दप्तरांना आहे, सौर दिव्यांना आहे, फलकालाही आहे. फलकावर तुमचं नाव किती मोठं हवं तेही लिहिलेलं आहे. मानधनासाठी मात्र एकच ओळ : एकूण रकमेच्या 15 टक्क्यांच्या आत. आमच्या वसतिगृहात मुख्य खर्च माणसांचाच आहे. गुरुजी आहेत, ते मुलांशी आधी भिलीत बोलतात आणि मग मराठीकडे आणतात. मावशी आहेत. त्या पहाटे भाकरी थापतात आणि रात्री मुलांच्या मध्ये अंथरूण टाकतात. गेल्या थंडीत एक मुलगी तापाने फणफणली. मावशींनी तिला घोंगडीत गुंडाळलं, रस्त्यापर्यंत खांद्यावर नेलं, जीप थांबवली आणि मोलगीच्या दवाखान्यात पोहोचवलं. तुमच्या तक्त्यात मावशींचं नाव ‘प्रशासकीय खर्च’ आहे. दप्तर म्हणजे परिणाम आणि मावशी म्हणजे ओझं, हा हिशेब ज्याने मांडला त्याने मूल वाढताना कधी पाहिलेलं नाही.

तुमच्या कार्यालयातून मला सांगण्यात आलं की, कौटुंबिक प्रतिष्ठानांना असंच करावं लागतं. हे खोटं आहे. या देशातल्या कौटुंबिक दानाचा इतिहास वेगळं सांगतो. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी 1905 साली पुण्यात भारत सेवक समाज काढला. त्याचं भांडवल म्हणजे आयुष्य वाहिलेली माणसं. सर रतन टाटांनी त्या समाजाला वर्षाला दहा हजार रुपये, अशी दहा वर्षं मदत दिली. दक्षिण आफ्रिकेत गांधींचा सत्याग्रह चालू होता तेव्हा 1909 साली टाटांनी पंचवीस हजार रुपये पाठवले आणि पुढच्या काळात ही मदत सव्वा लाखावर नेली. लढा कधी संपेल आणि संपल्यावर कसा टिकेल हे तेव्हा कुणालाच सांगता आलं नसतं. रतन टाटांनी माणसं पाहिली, काम पाहिलं आणि पैसे दिले.

आपल्या महाराष्ट्रात डॉ. श्रीराम लागू, निळू फुले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग करून सामाजिक कृतज्ञता निधी उभा केला. कशासाठी? पूर्णवेळ काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना दरमहा मानधन मिळावं म्हणून. जे नटांना कळलं ते उद्योजकांना कळायला काय हरकत आहे? अमेरिकेत मॅकेन्झी स्कॉट यांनी 2020पासून अब्जावधी डॉलर वाटले. त्यातला बराच मोठा भाग कोणतीही अट न घालता दिला, आणि पैसा कशावर खर्च करायचा हे त्या त्या संस्थेवर सोपवलं. ज्यांना द्यायचं असतं त्यांना वाट सापडते.

आणि हा पैसा फक्त तुमच्या घरचा आहे असंही समजू नका. धर्मादाय संस्था म्हणून तुमच्या प्रतिष्ठानाला प्राप्तिकरात सवलत मिळते. त्या बदल्यात उत्पन्नाचा 85 टक्के भाग धर्मादाय कामावर खर्च करावा, अशी कायद्याची अपेक्षा आहे. जो कर सरकारी तिजोरीत गेला असता तो समाजाने तुमच्याकडे विश्वासाने ठेवला आहे. विश्वस्त हा शब्द त्या विश्वासावरूनच आला आहे. म्हणून आम्ही तुमच्या दारात याचक म्हणून उभे नाही. काम आमचं, पैसा समाजाचा, आणि तो वेळेवर पोहोचवण्याची जबाबदारी तुमची.

मागणं थोडक्यात सांगतो. पहिला अर्ज एका पानाचा ठेवा आणि तो मराठीत घ्या. देणार नसाल तर महिन्याभरात नाही म्हणा; स्पष्ट नकाराने आम्ही दुखावणार नाही, दुसरं दार ठोठावू. कागद एकदाच मागा आणि सांभाळून ठेवा. मदत निदान तीन वर्षांची करा, म्हणजे गुरुजींना दर उन्हाळ्यात दुसरी नोकरी शोधावी लागणार नाही. गुरुजींचा आणि मावशींचा पगार पूर्ण द्या आणि त्याला कार्यक्रमाचा खर्च म्हणा, कारण तोच कार्यक्रम आहे. पाहणीला यायचं तर डिसेंबरात या, मावशींच्या हातची भाकरी खा, एक रात्र मुलांमध्ये झोपा. तुमच्या अर्जातला शेवटचा प्रश्न असा होता : ‘अनुदान संपल्यानंतर प्रकल्प कसा टिकेल?’ याचं उत्तर त्या रात्री मिळेल. डोंगरातल्या शेतीवर वर्ष निघू लागेल आणि आईबापांना गाव सोडावं लागणार नाही, तेव्हा या वसतिगृहाची गरज उरणार नाही. तोवर कुणीतरी भाकरी थापायला हवी आणि तिला तिचा पगार मिळायला हवा.

यंदाचा अर्ज मी पुन्हा भरतो आहे. तुमच्यावर रागावून मुलांचं नुकसान करण्याचा मला अधिकार नाही. अंदाजपत्रकात मानधनाच्या ओळीत खरा आकडा लिहिला आहे, 15 टक्क्यांत बसवलेला नाही. तो मान्य असेल तर पैसे ऑक्टोबरात पाठवा. दिवाळी झाली की पाड्याखालच्या रस्त्यावर ऊसतोडीचे ट्रक लागतात. त्या दिवसानंतर आलेला रुपया त्या वर्षापुरता कुठल्याच मुलाच्या कामी येत नाही.

आपला,
सातपुड्यातल्या एका लहान संस्थेचा कार्यकर्ता,
काठी, ता. अक्कलकुवा, जि. नंदुरबार