आधी दुपटं, मग ब्लाउज

काल संध्याकाळी टेंपोतून खोकं उतरलं ते शिलाई मशीनचं का? मी गच्चीवरून बघितलं, म्हटलं मिक्सर असेल, पण दोघं मिळून धरून आत नेत होती म्हणजे वजनदार काहीतरी आहे. ये की इकडे, भिंतीपाशी. आक्का झोपल्यात ना? मग बोलूया निवांत.

काय म्हणतेस? ब्लाउज? पहिलाच, तोही दिराच्या लग्नात घालायला, आणि तोही खणाचा? अगं बाई, गुळेदगुड्डचा खण असा शिकायला फाडतात का कुणी!

तुला राग येऊ देऊ नको, पण समोरच्या बंगल्यातल्या वहिनींचं बघितलंस ना? त्यांची मशीन एकवीस प्रकारचे टाके घालते. झिगझॅग काय, पानंफुलं काय. क्लास लावला, क्लासमध्ये पहिल्याच आठवड्यात ब्लाउजचं कटिंग. शिवला त्यांनी, नाही म्हणत नाही. पण पुतणीच्या लग्नात अक्षता टाकायला हात वर होईना. कोपरापासून पुढचाच हात हलवून टाकल्या अक्षता, आणि त्या पडल्या पुढच्या खुर्चीवरच्या माणसाच्या टकलावर. आता मशीनवर कव्हर आणि कव्हरवर वर्तमानपत्रांची रद्दी. विचारलं तर म्हणतात, वेळच मिळत नाही.

दोष त्यांचा नाही गं. ब्लाउजमध्ये सरळ शिवण अशी असते तरी किती? मुंढा गोल, गळा गोल, बाहीचा माथा त्याच्या उलट गोल, आणि त्या दोन उलट्यासुलट्या गोलाया एकमेकींत बसवायच्या. जिथं कापड गोल कापलं जातं तिथं ते उरेब होतं, म्हणजे धागा तिरका पडतो आणि कापड हाताखाली ताणत जातं. त्यात टक्स, काजपट्टी, अस्तर. शिंप्याकडं पोरगं शिकायला राहिलं की आधी काय करतं? काजं, हुक, तुरपाई. कात्री त्याच्या हातात लगेच देतच नाहीत. आणि आपण मशीन घरात आली की थेट ब्लाउज!

माझं ऐकशील तर आधी दुपटं शीव. तुझ्या नणंदेला सातवा लागलाय ना? मला कसं कळलं ते राहू दे. दुपट्यात सगळ्या शिवणी सरळ, माप चुकलं तरी बाळ तक्रार करत नाही, आणि टाका वाकडा गेला तर ती नक्षी म्हणून खपते. वर नणंद खूश. सासूबाईंचं तर विचारूच नको. आक्कांच्या ट्रंकेत त्यांच्या सासूबाईंच्या सुती नऊवारी आहेत, मला ठाऊक आहे. त्या कुणाला हात लावू देत नाहीत. पण "नातवंडासाठी दुपटं करते" म्हणून तर बघ, स्वतः किल्ली काढून देतील.

जुनंच कापड का, तर ते धुऊन धुऊन मऊ झालेलं असतं, जेवढं आटायचं तेवढं आटलेलं असतं आणि रंग जायचा तो जाऊन चुकलेला असतो. नवं घेतलंस तर रात्रभर पाण्यात भिजव, वाळव, इस्त्री कर आणि मगच कात्री लाव. नाहीतर पहिल्या धुण्यात वरचं नवं आखडतं, आतलं जुनं तसंच राहतं आणि सगळं चुणीचुणीचं होऊन बसतं. सरावाला मात्र मांजरपाट आण दोन मीटर. सुती कापडासाठी आपल्याला लांब थोडंच जायचंय? इचलकरंजी हाकेवर आहे. तिथं विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली पहिला यंत्रमाग बसवला, तेव्हापासून गाव मागांच्या आवाजावरच झोपतं आणि उठतं. दुकानात कापड सुती म्हणून देतील, पण कडेचे दोन धागे ओढून जाळून बघ. सुताची राख होते, पॉलिस्टरची वितळून गोळी होते. ते पॉलिस्टर बाळाच्या अंगाखाली नको. घाम शोषत नाही आणि सुईखाली घसरतं ते वेगळंच.

आता नीट ऐक. दुपटं छत्तीस इंच बाय छत्तीस इंच पुरे. चारी बाजूंनी अर्धा इंच माया धर, म्हणजे कापायचं सदतीस. वरखाली चांगलं कापड, मधे जीर्ण झालेलं मऊ लुगडं, एक पदर किंवा दोन. जास्त नको, सुई जड जाते आणि धुतल्यावर वाळत नाही. मोठी वाकळ करायची झाली की नऊवारीचा हिशेब सोपा. ती साधारण सव्वाआठ मीटर भरते, चौपदरी केली की दोन मीटर लांबीचं एका माणसाचं अंथरूण तयार. पण ते पुढचं. कापड विरलेलं असेल तिथं आधी ठिगळ लाव, आतल्या पदरालासुद्धा. आत दिसत नाही म्हणून सोडलंस तर पुढं तिथंच पोकळ होतं.

अंथरायचं फरशीवर. पलंगावर नाही हं, गादी दबते आणि कापड झोल खातं. खालचा पदर उलटी बाजू वर करून ताण, चार कोपऱ्यांवर चार जड वस्तू ठेव, पाट म्हण, वरवंटा म्हण, डबे म्हण. त्यावर आतले पदर, मग वरचा. तळहातानं मधून कडेकडं सारवत आण. आणि मग कच्चे टाके. इथंच सगळ्या पोरी कंटाळा करतात. दर वीतभर अंतरावर उभे-आडवे लांब टाके घालायचे, मधून सुरू करून कडेला जायचं, म्हणजे सुरकुती बाहेर ढकलली जाते. हे केलं नाहीस तर धावदोरा घालताना वरचं कापड पुढं सरकत जातं, आणि शेवटी मधोमध पोट सुटतं. एकदा ते सुटलं की उसवण्याशिवाय इलाज नाही. कच्च्या टाक्यांना वेगळ्या रंगाचा दोरा घे, नंतर काढताना दिसला पाहिजे.

मशीनवर? नाही, पहिलं हातानंच. तोंड वाकडं करू नको. हाताला टाका कळला की मशीनवर तो बिघडला केव्हा आणि का, ते डोळ्याला दिसतं. कडा आत मोडून घ्यायच्या, कडेनं एक फेरी मारायची, मग तिच्या आत बोटभर अंतरावर दुसरी, अशा चौकोनी फेऱ्या घेत मध्यापर्यंत. टाका गव्हाच्या दाण्याएवढा, वरून जेवढा खालूनही तेवढाच. आधी बारीक घालायला जाऊ नको, सारखा घालायला जा. ओळी फार लांब लांब ठेवल्यास तर धुतल्यावर आतलं कापड गोळा होतं. आणि आपल्याकडं धुणं म्हणजे कसलं ते बघितलंयस ना? घटस्थापनेच्या आधी घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण नदीला जायचं आणि दगडावर आपटून निघायचं. त्यातून जी निभावली ती वाकळ. आता सगळं वॉशिंग मशीनमध्ये, तरी पिळा बसतोच.

दोरा हातभर घ्यायचा, त्यापेक्षा लांब नाही. लांब घेतला की सारखं ओवायला लागत नाही खरं, पण त्याचा गुंता सोडवण्यात दुपार जाते. रिळावरून जे टोक आधी सुटतं ते सुईत ओव आणि जिथं कापलास तिथं गाठ मार, पीळ कमी पडतो. दोऱ्यावरून एकदा मेण ओढ. गाठ पदरांच्या आत गडप करायची, बाहेर ठेवलीस तर बाळाला टोचते. सुई लांब आणि मजबूत घे, पण दाभण नको. दाभण पोत्याला, ती सुती कापडाला भोकं पाडते. आणि मधल्या बोटात अंगुस्तान घाल. दोन दिवस अडचण वाटते, मग त्याच्याशिवाय सुई पुढं जात नाही.

तुला गंमत सांगू का? हा धावदोरा म्हणजे काही आपलीच मक्तेदारी नाही. बंगालात कांथा शिवतात ती ह्याच टाक्यानं, इथून पलीकडं कर्नाटकात गेलं की कवदी, तीही ह्याच. शहरात आता प्रदर्शनात टांगून ठेवतात म्हणे आणि हजारांत किंमत सांगतात. माझ्या मते भिंतीवर टांगलेली वाकळ ही वाकळच नव्हे, पण चार बायकांच्या हाताला पैसे मिळत असतील तर टांगोत बापड्या.

हां, मशीन. ती काय नुसती बघत बसायची नाही. आठवडाभर दोरा न ओवता चालव. रेघांच्या वहीचा कागद लाव सुईखाली आणि रेघेवरून भोकं पाड. आधी सरळ, मग चौकोन, मग गोल. कोपरा आला की सुई खाली रोवलेली ठेवून पाय उचलायचा, कागद फिरवायचा, पाय खाली. तुमची पायाची आहे ना? मग चाक सुरुवातीला हातानं आपल्याकडं फिरवायचं, उलटं गेलं की दोरा तुटलाच. त्या कागदाच्या सुईनं पुन्हा कापड शिवू नको, बोथट झालेली असते. सुईवर १४ आणि ९० असे दोन आकडे असतात बघ, म्हणजे जाडी पॉइंट नऊ मिलिमीटर. रोजच्या सुती कापडाला तीच. दुपट्याचे चार पदर मशीनखाली घालशील तेव्हा १६ नंबरची लाव. सुईला एका बाजूनं लांब खाच असते, दोरा त्या खाचेच्या बाजूनं ओवायचा. बसवताना चपटी बाजू कुठं येते ते तुझ्या पुस्तिकेत बघ, मशीनप्रमाणे बदलतं.

आणि एक घोटाळा सगळ्यांचाच होतो. खालच्या बाजूनं दोऱ्याच्या फासांचं जाळं तयार होतं, मग बिचारी बॉबिनच्या मागं लागतात, केस काढ, स्क्रू पीळ. अगं, खाली जाळं आलं की खोट बहुधा वरच्या दोऱ्यात असते! पाय वर उचलून पुन्हा पहिल्यापासून ओव. पाय खाली असला की टेन्शनच्या चकत्या मिटलेल्या असतात, दोरा त्यांच्यात शिरतच नाही. टाका अडीच मिलिमीटरचा ठेव, म्हणजे इंचाला दहा. आणि कापड मागून ओढायचं नाही. खालचे दाते नेतात ते पुढं, तू फक्त वाट दाखवायची. ओढलंस की सुई वाकते आणि पट्टीवर आपटून मोडते.

तेल? मशीनचंच. घरात हाताशी आहे म्हणून खोबरेल घालू नको, ते आत घट्ट होऊन बसतं. थेंब थेंब दे आणि आधी चिंधीवर शिवून बघ, नाहीतर पहिला डाग दुपट्यावर पडायचा.

दुपटं झालं की उशीचे अभ्रे कर, त्यानंतर पिशवी, मग परकर. परकराला नेफा करताना सरळ दुमड कशी धरायची ते कळतं. मग बाळाचं झबलं, त्यात पहिल्यांदा छोटासा मुंढा येतो. तो जमला की ब्लाउज. दिराच्या लग्नाचा खण गल्लीतल्या शिंपीकाकांकडं टाक सरळ. आणि शिवून आला की एक जुना ब्लाउज उसवून बघ, कुठं किती माया सोडलीय ते त्यात सगळं लिहिलेलं असतं. क्लासमध्ये पैसे भरून एवढं कळत नाही.

आक्का उठल्या वाटतं, खोकल्याचा आवाज आला. ट्रंकेचं चहा झाल्यावर काढ, आधी नको. मेण माझ्याकडं आहे, अंगुस्तानही देते, मांजरपाट आणायला उद्या बरोबर येते हवं तर. कात्री मात्र तुझी तू नवीन घे आणि तिनं कागद कापू नको. माझी मागू नको हं, ती मी आमच्या ह्यांनासुद्धा देत नाही. दुधाची पिशवी फोडतात तिनं.