कुंडीतले भाटकार

पेडण्यात भाटकारबाबांचं वडिलोपार्जित भाट आहे. वाटेकरी 23, त्यातले एकमेकांशी बोलणारे चार. निवृत्तीनंतर तिथं चार झाडं लावायची म्हटली तर आधी 22 सह्या गोळा कराव्या लागतात. म्हणून बाबांनी डिचोलीतल्या फ्लॅटच्या गॅलरीत 11 कुंड्या मांडल्या आणि भाटकारी चालू केली. असा गृहस्थ हल्ली इमारतीगणिक एक निघतो. आमच्या वाट्याला दुसऱ्या मजल्यावरचा आला आहे.

लागण मांद्र्याच्या किनाऱ्यावर झाली. भाच्यानं कुठल्याशा हॉटेलात पास्ता खाऊ घातला. त्यावरची हिरवी चटणी बाबांना आवडली आणि बिल बघितल्यावर ती घरीच पिकवायची असं ठरलं. पुढच्या शुक्रवारी म्हापशाहून कोकोपीट, गांडूळखत, फवाऱ्याची बाटली, इटालियन बेझिलचं बी आणि रोझमेरीचं रोप असा सरंजाम आला. गार्सिया द ओर्ता ह्या पोर्तुगीज वैद्यानं 1563 साली इथल्या औषधी वनस्पतींवरचा ग्रंथ गोव्यातच छापून घेतला होता. त्याच्यानंतर ह्या विषयावर अधिकारवाणीनं बोलणारे आमचे बाबच.

मुहूर्त कोथिंबिरीचा. सगळे तिच्यापासूनच सुरू करतात, कारण धणे घरात असतात. बाबांनी ते अख्खे पेरले. धणा हलक्या हातानं रगडून त्याची दोन दलं सुटी करायची असतात, हे वहिनींनी सांगून पाहिलं. पण भाटकार कुणाचं ऐकत नाही. वर, कोंब फुटला की नाही हे बघायला ते रोज सकाळी चहाच्या चमच्यानं माती उकरायचे. अकराव्या दिवशी एक फुटलेला दाणा हाती लागला. तो तिन्ही मजल्यांवर दाखवून होईतो वाळला. मे महिन्याच्या उकाड्यात ती उगवली असती तरी पानं धरण्याआधी फुलावर गेली असती, ते वेगळंच.

पुदिना मात्र लागला. बाजारातल्या जुडीच्या काड्या पेल्यात ठेवल्या, आठवड्यात मुळं फुटली. बाबांनी हौसेनं त्याला ओव्याच्या पानांच्या कुंडीत एका कडेला जागा दिली. महिनाभरात पुदिना मधोमध आणि पानओवा कडेला. ‘‘मुंडकार आहे तो,’’ बाब हताशपणे म्हणाले. ‘‘1975 चा कायदा. आता निघायचा नाही.’’ (पुदिन्याला कुंडी कायम स्वतंत्र द्यावी. हे मी त्यांना आधी सांगितलं नाही, कारण मला मजा बघायची होती.)

पण जीव अडकला होता रोझमेरीत. ‘‘बाब, पावसांत तें कुसतलें,’’ असं झाडलोटीला येणारी बाई जिन्यातूनच सांगून गेली होती. भूमध्य समुद्राकाठचं ते झुडूप. त्याला कोरडा उन्हाळा आणि पाणी झरझर निथळून जाणारी माती लागते. आपल्याकडे वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस, तोही बहुतेक चार महिन्यांत. पोर्तुगिजांनी आणलेली मिरची, काजू, अननस सगळे इथलेच होऊन बसले; ही बया मात्र पहिल्या झडीलाच रुसली. बाबांनी कुंडीवर काळी छत्री बांधली आणि स्वतः भिजत दूध आणायला गेले. आषाढात रोझमेरी काळी पडली. दोन दिवस त्या घरात मासळी शिजली नाही. मासळी बाजारात आली नव्हती, असं वहिनी म्हणतात.

ह्या काळात पेडण्याच्या भाटात, विहिरीमागं, हळद कमरेएवढी झाली होती. गवती चहाचं रान माजलं होतं. तेफळाच्या काटेरी झाडाखाली कुणी फिरकत नव्हतं. नागपंचमीच्या पातोळ्यांना लागणारी हळदीची पानं बाबांनी म्हापशाहून विकत आणली. स्वतःच्या भाटातली तोडली असती तर 22 नोटिसा आल्या असत्या.

इटालियन बेझिल उगवलंच नाही. मात्र श्रावणाच्या उघडिपीत गॅलरीतून एकदम मांद्र्याच्या हॉटेलाचा वास येऊ लागला. वास फुटक्या बादलीतून येत होता. उन्हाळ्यात भिजवून उरलेला सब्जा वहिनींनी तिच्यात ओतला होता. त्याची गुडघाभर रोपं झाली होती. सब्जा आणि बेझिल एकाच जातीचे, हे बाबांना पुस्तकात सापडलं. जरा बडीशेपेकडे झुकणारा वास, एवढाच काय तो फरक. वहिनी फुलं यायच्या आत शेंडे खुडत होत्या, म्हणून रोपं दाट झाली होती. खुडलेलं सगळं आमटीत जात होतं आणि बाब तीन आठवडे ती आमटी वाखाणत होते.

बाब ताबडतोब पाटी आणि मार्कर घेऊन आले. ‘इटालियन बेझिल, प्लॉट क्रमांक 12’ असं लिहून पाटी बादलीत रोवणार, तोच वहिनींनी त्यांचा हात धरला.

‘‘बादली माझी, पाणी माझं, सब्जाही माझ्याच डब्यातला,’’ त्या म्हणाल्या. ‘‘कसेल त्याची जमीन.’’

आता चटणी करायची असली की बाब स्वयंपाकघराच्या दारात उभे राहतात आणि पानं किती घेऊ, असं विचारतात.