एक गळ, दोन शेपट्या

आम्ही रायापूरला राहतो. हुबळीची माणसं आम्हाला धारवाडचे समजतात आणि धारवाडची हुबळीचे. १९६२ साली दोन्ही गावांची मिळून एक महापालिका झाली, पण आमचा निकाल अजून लागायचाय. रस्त्यावरून हिरव्या ‘चिगरी’ बस पळतात. चिगरी म्हणजे कन्नडमध्ये हरीण. आमच्याकडचं वन्यजीवन एवढंच. समुद्राचं म्हणाल, तर हुबळी-अंकोला रेल्वे १९९०च्या दशकापासून येणार येणार म्हणतात. मध्ये जंगल आडवं आलं आणि ती कागदावरच धावत राहिली.

अशा ठिकाणी मे महिन्याच्या अखेरीला माझा मेहुणा पुण्याहून उतरला. हातात गळाची लांब काठी, पाठीवर साप धरायचा चिमटा आणि काखेत थर्मोकोलची पेटी. ‘माशांसाठी.’ आमच्या घरात चातुर्मासात कांदासुद्धा उंबरठ्याबाहेर असतो. हिनं भावाकडे पाहिलं, पेटीकडे पाहिलं आणि मला म्हणाली, “तुम्ही बरोबर जा.”

मी हावेरी सुचवलं. ‘हावु’ म्हणजे साप, ‘केरी’ म्हणजे आळी. त्यावरून गावाचं नाव पडलं असं सांगतात. शिवाय रात्रीच्या जेवणाला घरी परत येता आलं असतं. मेहुणा म्हणाला, “भावजी, तसं तर हुबळी म्हणजे फुलांची वेल. दाखवा बरं स्टँडवर एक फूल.” माझ्याकडे उत्तर नव्हतं. चिमट्याच्या बाबतीत मात्र मी ऐकलं नाही. साप धरणं हा १९७२च्या कायद्यानं गुन्हा आहे, आणि गुन्हा करायचाच तर नातेवाईकाबरोबर करू नये. चिमटा माळ्यावर गेला.

शेवटी बसनं अंकोल्याच्या समुद्राकडे निघालो: कलघटगी, यल्लापूर, मग अरबैल घाट. घाटातल्या पहिल्याच वळणावर काठीनं शिकार साधली: पुढच्या बाकावरच्या बाईंचा आबोलीचा गजरा. खाली उतरेपर्यंत माफी मागायचं काम माझ्याकडे होतं.

अंकोल्याजवळ बेलेकेरीच्या किनाऱ्यावर मेहुण्यानं गळाला कोळंबी लावली आणि काठी फिरवली. पहिल्यांदा खडक लागला. दुसऱ्यांदा स्वतःची टोपी. तिसऱ्यांदा खरंच काहीतरी ओढू लागलं, आणि वर आला केंड. हा मासा चिडला की पाणी किंवा हवा गिळून फुगतो. मेहुण्याच्या हातात तो चेंडूसारखा टम्म झाला, दात विचकून कुरकुरला आणि दोघं एकमेकांकडे बघत राहिले. केंडात विष असतं, त्यामुळे सन्मानानं परत समुद्रात.

तेवढ्यात शेजारी रांपण लागली. होडीनं जाळं अर्धगोल सोडलेलं, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर, आणि दोराला तीसेक माणसं. मी नुसता बघत होतो. एका म्हाताऱ्या खारव्यानं दोर माझ्या हातात दिला. नाही म्हणण्याइतकी कोकणी मला येत नव्हती. पाय वाळूत रोवायचे, मागं झुकायचं आणि मागच्या माणसावर सगळा भार टाकायचा. अर्ध्या तासात तळहाताची सालटं निघाली. शेवटी जाळ्याची खोळ वाळूवर आली, तर नुसती चांदी उसळत होती: तारल्या, थोडे बांगडे, थलथलीत जेलीफिश. आणि त्यांच्यामधून एक करडी, पट्ट्यापट्ट्यांची दोरी सरकली. शेपूट चपटी, वल्ह्यासारखी. समुद्रसाप! नागाला मान खाली घालायला लावील असं त्याचं विष. म्हाताऱ्यानं काठीनं उचलून त्याला लाटेत भिरकावलं, घरातलं झुरळ टाकावं तसं.

“अरे, साप! साप!” मी ओरडलो. मेहुणा पाठमोरा बसून दोऱ्याचा गुंता सोडवत होता. वळला तेव्हा लाटसुद्धा परत गेली होती.

“समुद्रातला सापांच्या यादीत धरत नाहीत,” तो म्हणाला.

ओढणाऱ्याला वाटा मिळतो, ही इथली रीत. मला पंधरा तारल्या मिळाल्या. शाकाहारी माणसानं कमावलेल्या त्या तारल्या खानावळीत तळून घेऊन मेहुण्यानं खाल्ल्या, आणि मीठ कमी आहे म्हणाला. ज्या अंकोल्यानं १९३० साली मिठाचा सत्याग्रह केला, त्या अंकोल्यात!

परतताना यल्लापूरजवळ ओळखीच्या हव्यक कुटुंबाच्या सुपारीच्या बागेत मुक्काम. राखीव जंगलात रात्री शिरता येत नाही. बाग त्यांची होती. जेवायला अप्पेहुळी, म्हणजे रानकैरीचं आंबट पातळ सार. मी चार वाट्या प्यायलो. वळवाची सर येऊन गेली होती. डोक्याला दिवे लावून आम्ही दोन तास पाटाच्या कडेनं हिंडलो. दिव्यावरचे किडे तोंडात गेले, चपलेत इंबळ, म्हणजे जळवा, गेल्या. साप नाही.

घरचा बारा वर्षांचा मुलगा जांभया देत मागून येत होता. एका ठिकाणी म्हणाला, “सुम्ने निल्री.” गप उभे राहा.

सुक्या पानांत पान होऊन एक वीतभर पिल्लू बसलेलं. वर उचललेलं टोकदार नाक, तिकोनी डोकं. चापड्याच्याच कुळातलं. “आपल्या चार सापांवरच्या प्रतिविषाचा याच्यावर उपयोग होत नाही,” मेहुणा अभिमानानं म्हणाला आणि दोन पावलं मागं सरला.

पिल्लू हलत नव्हतं. हलत होतं फक्त शेपटीचं टोक. फिकट, अळीसारखं, थांबून थांबून वळवळणारं. पलीकडून नखाएवढा बेडूक आला. एक उडी. थांबला. शेपटी थांबली. मग पुन्हा जराशी वळवळ. बेडकानं आणखी एक उडी मारली.

“भावजी,” मेहुणा कुजबुजला, “माझं चुकतंय ते मनगटात.”

दुसऱ्या दिवशी थर्मोकोलची पेटी रायापूरला पोचली, ती अंकोल्याच्या करी इशाड आंब्यांनी गच्च भरून. हिनं झाकण उघडलं, वास घेतला आणि काही विचारलं नाही. मेहुणा काठी घेऊन गच्चीवर गेला, थांबून थांबून मनगट हलवत राहिला, आणि संध्याकाळपर्यंत त्याच्या गळाला शेजारच्या काकूंचा वाळत घातलेला पंचा, कुरडयांसकट, लागला होता.