कार्डवाला

लिनक्स वापरणाऱ्यांत कार्डवाला ही वेगळी पोटजात मानावी लागते. बिजागरी ढिली झालेला, पण पीसी कार्डाचा स्लॉट शाबूत असलेला लॅपटॉप ही त्याची मुख्य जंगम मालमत्ता. नवा लॅपटॉप परवडत असूनही तो घेत नाही, कारण नव्यात सगळं आपोआप चालतं.

या कार्डांचं प्रमाण ठरवणारी पीसीएमसीआयए ही संघटना १९८९ची, हे तो न विचारता सांगतो. आधीची कार्डं १६ बिटी. १९९५मध्ये ३२ बिटी कार्डबस आलं. कार्डबसच्या कडेला बारीक उंचवट्यांची सोनेरी पट्टी असते आणि जुन्या स्लॉटात ते शिरत नाही. हा फरक पाहुण्यांना पट्टीवरून बोट फिरवायला लावून शिकवला जातो. तोवर चहा निवतो.

त्याची खरेदी हा दुकानदाराच्या सहनशीलतेचा विषय आहे. लॅमिंग्टन रोडवर इतर गिऱ्हाइकं किंमत विचारतात, हा चिपसेट विचारतो. त्यात तथ्य आहे: एकाच मॉडेलच्या दोन व्हर्जनमध्ये दोन वेगळ्या कंपन्यांच्या चिपा निघतात, एकीला लिनक्समध्ये ड्रायव्हर असतो, दुसरीला नसतो. मात्र व्हर्जन कार्डाच्या पाठीवर छापलेलं, कार्ड सीलबंद खोक्यात, आणि सील तोडलं की माल परत नाही. ‘विंडोजवर मस्त चालतं, साहेब,’ हे दुकानदाराचं आश्वासन त्याला शिवीसारखं लागतं.

घरी कार्ड सरकवल्यावर कान टवकारायचे. जुन्या व्यवस्थेत कार्डमॅनेजर नावाचा प्रोग्राम कार्ड ओळखलं की एक बीप देई आणि ते कामाला लागलं की दुसरा; काही बिनसलं तर खालच्या सुरातला. तो खालचा सूर ऐकला की त्या घरात रात्रीचं जेवण लांबे. कधी पोर्ट चाचपता चाचपता अख्खं मशीनच हँग होई. मग नेमके कुठले पत्ते वगळायचे ते सेटिंगच्या फाइलीत एकेक करून लिहायचं. ‘येतोयस का जेवायला?’ ‘एवढं मॉड्यूल कंपाइल होऊ दे, आई.’ २००५मध्ये कर्नेल २.६.१३पासून नवी व्यवस्था आली आणि कार्डमॅनेजरची गरज संपली. बीपही गेले, हे दुःख तो अजून बाळगून आहे.

वायफाय कार्डांनी त्याला खरं सुख दिलं, म्हणजे खरा त्रास. ब्रॉडकॉमच्या कित्येक चिपांचं फर्मवेअर विंडोजच्या ड्रायव्हरमधून खरवडून काढावं लागे. तो ड्रायव्हर इंटरनेटवरून उतरवायचा, आणि इंटरनेटसाठी तर कार्ड चालायला हवं. विंडोजचा ड्रायव्हर जसाच्या तसा लिनक्समध्ये चालवणारं एनडिसरॅपरही होतं. ते वापरणं त्याला बाटल्यासारखं वाटे. वापरी, पण चारचौघांत कबूल करत नसे.

कार्ड अखेर चाललं की तो एकदा पिंग करतो, उत्तरं येताना पाहतो आणि कार्ड काढून खोक्यात ठेवतो. इंटरनेटवर बघण्यासारखं त्याच्याकडे विशेष काही नसतंच.

२००३मध्ये एक्स्प्रेसकार्ड आलं, पुढे यूएसबीने सगळ्यांनाच घरी बसवलं. २०२४च्या कर्नेल ६.८मधून जुन्या वायरलेस कार्डांचे बरेच ड्रायव्हर काढून टाकले गेले, कारण ते कोणी वापरत नाही असं ठरलं. कार्डवाल्याला कोणी विचारलं नव्हतं. त्याने जुनं कर्नेल तसंच ठेवलं आहे आणि सध्या तो फॅक्स-मोडेमचं एक कार्ड चालवून बघतो आहे. घरात लँडलाइन नाही.