दीड सेकंदाची पत्रिका

मोबाइलवर अ‍ॅपच्या चिन्हाला बोट लावलं की अ‍ॅप उघडेपर्यंत जी दिसते ती लाँच स्क्रीन. सगळं सुरळीत असेल तर तिचं आयुष्य दीड-दोन सेकंदांचं. तिच्यासाठी भरलेली मीटिंग मात्र जेवणाची सुट्टी गिळून टाकते. साहेबांना लोगो मोठा हवा असतो, मार्केटिंगला घोषवाक्य, कुणाला स्थापनेचं साल, कुणाला पुरस्काराचा शिक्का. लग्नपत्रिकेत आपलं नाव निमंत्रकांत आहे की नाही हे आधी बघावं, तसा जो तो आपली ओळ शोधत असतो.

अ‍ॅपलचं म्हणणं याबाबतीत अगदी रुक्ष आहे. ही जागा मिरवायची नाही, अ‍ॅपच्या पहिल्या पानासारखंच काहीतरी साधं ठेवा, मजकूर टाळा. अ‍ॅपचा कोड जागा होण्याआधीच आयफोन हा पडदा दाखवतो, त्यामुळे नाव घेऊन स्वागत वगैरे करणं त्याला जमत नाही. उरते वरची रंगीत पट्टी आणि खालची मोकळी जागा. एवढ्यावरच माणसाला वाटतं, अ‍ॅप उघडलं!

हा गरीब पडदा एकदा रुसलाही होता. २०१२ साली आयफोन ५ आला, स्क्रीन लांब झाली. त्या मापाचं लाँचचं चित्र ज्यांनी जोडलं नाही, त्यांची अ‍ॅप वर-खाली काळ्या पट्ट्या घेऊन उघडू लागली.

अँड्रॉइडने २०२१ मध्ये, बाराव्या आवृत्तीत, कारभार स्वतःकडेच घेतला: मधोमध अ‍ॅपचं चिन्ह, मागे सपाट रंग. चिन्ह हलवायची हौस असेल तर एका सेकंदात आटपा, असा सल्लाही दिला. ज्यांनी आपला जुना पडदा काढला नाही, त्यांच्याकडे लोगोमागून पुन्हा लोगो.

तरीही कुठेतरी फर्मान सुटतंच: ‘लोगो नीट दिसत नाही, जरा थांबवा.’ मग तयार झालेल्या अ‍ॅपला तीन सेकंद मुद्दाम उभं करणारा कोड लिहिला जातो.

अशी मीटिंग खरं तर मंडईत घ्यावी. कोथिंबिरीच्या जुडीचे पैसे द्यायचे असतात, मागे दोघं खोळंबलेले असतात आणि फोनवर घोषवाक्य एकेका अक्षराने उमलत असतं. भाजीवाल्या मावशी विचारतात, ‘नेट नाही का हो?’

नेट आहे मावशी, ब्रँडिंग चाललंय.