आपला माणूस

अटल सेतू जानेवारी 2024 मध्ये सुरू झाला आणि दादर-ठाण्याच्या मध्यमवर्गाला आपण मुळात जमीनदारच असल्याचा साक्षात्कार झाला. उरण, पेण, पनवेल या दिशेने गाड्या निघाल्या. नवख्या गुंतवणूकदाराला जाणकार एकच सल्ला देतात : आधी माणसं जोडा. यात कष्ट काहीच नाहीत. रस्त्याकडेच्या एका पाटीवरचा नंबर फिरवा, संध्याकाळपर्यंत माणसंच तुम्हाला जोडून घेतात.

पहिला येतो एजंट. त्याच्याकडचा प्लॉट 'रोड टच' असतो. रोड कुठाय, हे विचारायचं नसतं. तो मंजूर आहे. तलाठी त्याचा आपला माणूस, सर्कल आपला माणूस, मोजणीवाला तर घरचाच. तुम्ही शेतकरी नसाल, तर कूळकायद्याचं कलम 63 आडवं येतं : जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय बिगरशेतकऱ्याला शेतजमीन घेता येत नाही. ''दाखल्याचं बघू हो,'' मिसळ मागवत एजंट म्हणतो, आणि विधिमंडळाने केलेला कायदा मिसळीच्या पहिल्या घासाबरोबर रद्द होतो.

दुसरा वकील. तो एजंटच देतो. तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट तुमची मिसळ संपायच्या आत तयार असतो, आणि टायटल अर्थातच क्लिअर. तिसरा अनुभवी गुंतवणूकदार. त्याचा स्वतःचा प्लॉट कित्येक वर्षं कोणी घेत नाही, आणि तो तुम्हाला द्यायला तो मनापासून तयार असतो. याला मार्गदर्शन म्हणतात.

या गोतावळ्याचं अर्थशास्त्र मात्र निर्मळ आहे. एजंटची दलाली सौदा झाला तरच, आणि जमलं तर दोन्हीकडून. वकिलाला पुढचं गिऱ्हाईक एजंटच आणून देणार. शेतकऱ्याला पैसे हवेत, अनुभवी गृहस्थांना सुटका हवी. तुम्हाला ''घेऊ नका'' म्हणण्यात एकाचाही एक रुपया फायदा नाही. मग म्हणेल कोण?

म्हणतो तो सातबारा. डिजिटल सहीचा उतारा सरकारी संकेतस्थळावर 15 रुपयांत मिळतो. त्याला मिसळ लागत नाही. भोगवटादार वर्ग 2 असेल तर तसं तोंडावर लिहितो. म्हणजे सरकारी परवानगीशिवाय सहसा हस्तांतर नाही. 'इतर हक्क' या रकान्यात कूळ, बँकेचा बोजा अशी मंडळी शांतपणे नांदत असतात. त्या रकान्यापर्यंत गिऱ्हाइकाची नजर जाऊ न देणं, हे एजंटचं खरं कसब.

आणि शेतकऱ्याच्या बहिणी! ''त्यांचं काही नाही हो, सह्या देतील.'' हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीनंतर एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मतः हक्क आहे. बहिणींना हे ठाऊक असतं. शिवाय त्यांचा वकील एजंटने दिलेला नसतो.

तेव्हा वाचकहो, माणसं खुशाल जोडा, मिसळही खा. प्रकल्पातला प्लॉट असेल तर एजंटचा महारेरा नोंदणी क्रमांक मागा. तो विषय बदलू लागला तर तुम्ही गाडी वळवा. विसार द्यायच्या आधी वकील मात्र स्वतः शोधा, शक्यतो दुसऱ्या तालुक्यातला. आणि त्याने ''घेऊ नका'' म्हटलं, तर त्याची फी बुडवू नका.