गाईड असला की पर्यटन

नागपूरच्या बेसात फ्लॅट झाला, मोठी गाडी झाली, दुबई झाली. आता राहिलं काय? वाईन. सोसायटीच्या ग्रुपवर सकाळी टँकरच्या वेळेवरून जुंपते आणि रात्री त्याच ग्रुपवर कुणीतरी जाहिरात पुढे ढकलतं: नाशिकचे द्राक्षमळे, फक्त तुमच्या कुटुंबासाठी गाडी, फक्त तुमच्यासाठी गाईड, सकाळी निघा, रात्री घरी. खाली सहा अंगठे, दोन नमस्कार आणि एका काकूंचा प्रश्न, "जैन जेवण मिळते ना तिथं?"

राजेहो, आधी जरा हिशेब करा. ही 'सकाळी निघा, रात्री घरी' योजना मुंबई-पुण्याच्या माणसासाठी आहे. बेसाहून समृद्धी महामार्ग जिथून सुरू होतो तो शिवमडका हाकेच्या अंतरावर असला, तरी शिवमडक्यापासून नाशिक हाकेच्या अंतरावर येत नाही. शिर्डीपर्यंतच 520 किलोमीटर. तिथून नाशिक आणखी नव्वदेक. म्हणजे जाऊन-येऊन बाराशेच्या वर. ताशी 120 ची मर्यादा काटेकोर पाळली आणि कुणालाच लघवीला लागली नाही असं धरलं, तरी दहा-अकरा तास नुसतं डांबर आणि काँक्रीट बघायचं. टोल कारला किलोमीटरमागे 2 रुपये 6 पैसे, 2025 च्या एप्रिलपासून. शिर्डीपर्यंतचा जाऊन-येऊन हिशेब दोन हजारांवर जातो. एवढं करून द्राक्षमळ्यात मिळणार तास-दीड तास. पण बेसाकर हिशेबाला घाबरत नाही. घाबरला असता तर त्याने बेसात फ्लॅट घेतला असता का?

शिवाय त्याच्याकडे तोड आहे. शिर्डी वाटेतच लागते. मग शनिशिंगणापूर, त्र्यंबकेश्वर आणि 'जाताजाता' द्राक्षमळा. घरच्या वडीलधाऱ्यांना सांगायचं, देवदर्शनाला चाललो. मित्रांना सांगायचं, वाईन टेस्टिंगला चाललो. दोन्ही खरं असतं, फोटो मात्र वेगवेगळ्या ग्रुपवर जातात.

तिथे बघण्यासारखं नाही, असं मुळीच नाही. गंगापूर धरणाच्या परिसरात राजीव सामंत यांनी नव्वदच्या दशकाअखेरीस वाईनची द्राक्षं लावली, सुला उभी केली आणि 2005 मध्ये तिथे चव घेण्याची खोली उघडली, तेव्हा अख्ख्या देशात असा प्रकार दुसरा नव्हता. त्याच्याही आधी नारायणगावला श्यामराव चौगुले यांच्या इंडेजने फसफसती वाईन बाटलीत भरून परदेशी पाठवली होती. राज्य सरकारने 2001 साली द्राक्षप्रक्रियेचं धोरण आणलं, विंचूरला वाईन पार्क झाला, दिंडोरीला फ्रेंच कंपनी आली. नाशिकच्या वाईनला भौगोलिक मानांकनही आहे. मराठी मातीत अगदी अलीकडे रुजलेलं हे पीक आहे, आणि त्याचं कौतुक करायला कुणाची हरकत नाही.

हरकत आहे ती आमच्या मुहूर्ताला. बेसाकर जातो कधी? मे महिन्यात, पोरांच्या परीक्षा आटोपल्या की. द्राक्षाला हे माहीत नसतं. आपल्याकडे वेलीची वर्षातून दोनदा छाटणी होते: एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, पावसाळा सरताना गोडी छाटणी. घड पिकतात जानेवारी ते मार्चमध्ये. म्हणजे मे महिन्यात गाईड जे दाखवतो ती असतात नुसती पानं. खासगी गाईडला पैसे देऊन सहाशे किलोमीटरवरची पानं बघून येणारा माणूस जगात दुसरीकडे सापडायचा नाही. आणि फेब्रुवारीत, घड लगडलेले असताना, का जात नाही? कारण तेव्हा ट्यूशन असते.

बरं, आत गेल्यावरचा सोहळा बघा. गाईड सांगतो, ग्लास देठाला धरा, नाहीतर हाताच्या उबेने वाईन गरम होते. ग्लास फिरवा. नाक आत घाला. काय वास येतो? कुणी म्हणतं पेरू, कुणी म्हणतं गवत. एक काका बराच वेळ हुंगून म्हणतात, "ढोबळी मिर्ची." सगळे हसतात. गाईड हसत नाही, कारण उत्तर बरोबर असतं. सॉव्हिन्यों ब्लांकला ढोबळी मिरचीचाच वास येतो. काका त्या क्षणापासून जाणकार. परत बेसात आल्यावर सावजीच्या रश्श्याबरोबर कोणती वाईन चालेल यावर ते बोलू लागतात. चालत नाही हो कोणतीच. सावजीच्या तिखटापुढे शिराझ काय नि शेनिन काय, सगळं पाणीच.

मग गाईड एक भांडं पुढे करतो. चव घेतलेली वाईन गिळलीच पाहिजे असं नाही, यात थुंका म्हणतो. जाणकार मंडळी थुंकतात, म्हणजे दहावी वाईन चाखतानाही जीभ ताळ्यावर राहते. आता खर्रा थुंकून ज्या शहराने उड्डाणपुलांचे खांब रंगवले, त्या शहराचा माणूस इथे मात्र थुंकायला साफ नकार देतो. का? पैसे दिलेत.

आता मुख्य जिन्नस. बेसाहून निघालेली ही गाडी नाशिकला जाते कुठून? वर्धा जिल्ह्यातून. गांधीजींच्या सेवाग्रामचा जिल्हा, सत्तरच्या दशकापासून दारूबंदी. समृद्धीचे साठेक किलोमीटर या जिल्ह्यातून जातात. जाताना ठीक. येताना डिकीत काय असतं? गाईडने आग्रहाने घ्यायला लावलेल्या चार बाटल्या, खोक्यात, कागदाच्या भुशात, वर कंपनीची पिशवी. येळाकेळीची पाटी मागे पडते, ताशी 120 ने दारूबंदी मागे पडते, गाडीत कुणाला काही वाटतही नाही. त्याच वेळी खाली, गावच्या रस्त्याने, नागपूरच्या हद्दीतून दुचाकीवर देशीचे पव्वे आणणारा एखादा पोरगा नाकाबंदीत सापडतो. दुसऱ्या दिवशी पेपरच्या आतल्या पानावर ठरलेली बातमी: पोलिसांची वॉश आऊट मोहीम, मोहा सडवा रसायन नष्ट, प्लॅस्टिकचे ड्रम फोडले, अमुक इतक्या किमतीचा मुद्देमाल जप्त. बेसाकर ती बातमी चहाबरोबर वाचतो आणि म्हणतो, "या लोकांचं काही खरं नाही बाप्पा."

बाप्पा, त्या ड्रममध्ये आणि तुम्ही बघून आलेल्या टाकीत घडतं एकच. साखर असते, यीस्ट असतं, यीस्ट साखर खातं आणि दारू तयार होते. नाशिकला टाकी चकचकीत स्टीलची, भोवती थंड पाणी खेळवलेलं. नाल्याकाठी ड्रम निळ्या प्लॅस्टिकचा. पुढे मोह भट्टीवर चढतो, द्राक्ष चढत नाही. म्हणून मोहाची कडक, द्राक्षाची सौम्य. तो फरक खरा आहे. हातभट्टीत नवसागर टाकून लोकांच्या जिवाशी खेळणारे आहेत, तेही खरं. पण डिकीतल्या खोक्याची कुणी झडती घेत नाही, ते काही यीस्टच्या गुणामुळे नाही. गाईड असला की पर्यटन, नसला की गुन्हा. एवढाच आपला अबकारी कायदा.

हा भेद आजचा नाही. मोहफुलं घरात बाळगण्याविरुद्ध ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत इंग्रजांनी 1892 सालीच कायदा केला. त्यांना जनतेच्या तब्येतीची नव्हे, महसुलाची काळजी होती. ते गेले, आपण 1949 चा दारूबंदी कायदा केला. त्या कायद्याप्रमाणे महाराष्ट्रात दारू प्यायलाच परवाना लागतो. एका दिवसाचा विदेशी दारूसाठी 5 रुपये, देशीसाठी 2 रुपये, आयुष्यभराचा हजार. किती जणांच्या खिशात तो असतो, हे ज्याने त्याने स्वतःच्या खिशात हात घालून बघावं.

मग आला 27 जानेवारी 2022. हजार चौरस फुटांहून मोठ्या सुपर मार्केटांत वाईन विकायला मंत्रिमंडळाने परवानगी दिली. विरोधक म्हणाले, महाराष्ट्राचं मद्यराष्ट्र करता काय? सत्ताधारी म्हणाले, वाईन म्हणजे दारू नव्हे. अण्णा हजारे उपोषणाच्या गोष्टी करू लागले. दोन्ही बाजूंनी शेतकऱ्याला मधे उभं केलं, त्याला मात्र कुणी विचारलं नाही. खरं म्हणजे आपली बहुतेक द्राक्षं ताटात जातात, परदेशी जातात किंवा बेदाणा होतात. वाईनला जातात ती अगदी थोडी, आणि तीही वेगळ्या जातीची. थॉमसन सीडलेस लावलेल्या शेतकऱ्याला सुपर मार्केटमधल्या वाईनच्या फळीने काय मिळणार होतं, ते फळी मांडणाऱ्यांनाच ठाऊक. जूनमध्ये सरकार बदललं, निर्णय कागदावर राहिला, आणि शेतकरीही जिथे होता तिथेच.

आमच्या विदर्भाचा या सगळ्यात वाटा किती? नागपुरी संत्र्याला जगात नाव आहे, भौगोलिक मानांकन आहे. पण संत्र्याचं नाव बाटलीवर वाचायचं असेल, तर देशी दारूच्या दुकानात जावं लागतं. तिथे 'संत्रा' मिळतो, फक्त त्यात संत्रं शोधू नका.

आणि मोह? मार्च-एप्रिलमध्ये गडचिरोली, गोंदिया, भंडाऱ्याच्या रानात पहाटे फुलं गळतात. बाया अंधारातच टोपल्या घेऊन निघतात. झाडाखालचा पालापाचोळा आधीच जाळून जागा साफ केलेली असते, म्हणजे फूल दिसतं. पिवळसर, रसाळ, बोटाला चिकटणारं फूल. वाळवलं की मनुक्यासारखं होतं. त्याची भाकरी होते, लाडू होतात, बियांचं तेल निघतं. दारू ही त्याच्या अनेक उपयोगांपैकी एक. सावनेरच्या पुढे, हद्दीपलीकडे, मध्य प्रदेश सरकारने याच दारूला 'हेरिटेज' म्हणून मान दिला, आदिवासी बचत गटांच्या हाती गाळायचं काम दिलं. गोव्याने 2016 मध्ये फेणीला राज्याचं वारसा पेय ठरवलं. आमच्याकडे नाशिकला वारसा, गडचिरोलीला वॉश आऊट.

आता कुणी म्हणेल, म्हणजे गडचिरोलीची दारूबंदी उठवा असं म्हणता का? नाही. ती 1993 ची बंदी लोकांनी मागून घेतली आहे, डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या पुढाकाराने, गावोगावच्या बायांनी नवऱ्यांच्या हातातली बाटली फोडून. शेजारच्या चंद्रपूरने 2015 मध्ये बंदी आणली, 2021 मध्ये उठवली, आणि दोन्ही वेळा आपणच कसे बरोबर होतो ते सांगितलं. ज्या बाईने घर उद्ध्वस्त होताना पाहिलं, तिच्या बंदीची टिंगल बेसाच्या बाल्कनीतून करू नये. पण मग मान सरळ ठेवून हेही म्हणावं की दारूबंदी जिल्ह्याची असते, गाडीच्या मॉडेलची नसते. डिकीतला खोका आणि दुचाकीवरचा पव्वा, दोन्हीला एकच माप हवं. एकाला हात लावायचा नसेल, तर दुसऱ्याचा ड्रम फोडताना निदान नैतिकतेची भाषणं करू नयेत.

तर मंडळी, नाशिकला जरूर जा. पण फेब्रुवारीत जा, पोरांची एक ट्यूशन बुडाली तर बुडू द्या. निदान घड बघाल. एका दिवसाचा हट्ट सोडून मुक्काम करा. चाखल्यावर स्टीअरिंगला हात लावू नका; 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम अल्कोहोलपर्यंतच कायदा गप्प बसतो आणि समृद्धीवर वेगाची चूक माफ होत नाही. बाटल्या घ्यायच्याच असतील तर नाशिकलाच संपवा, वर्ध्याची वाट उगाच ओशाळी करू नका. आणि परत आल्यावर 'मोहा सडवा नष्ट' ही बातमी दिसली, तर तेवढं नाक मुरडणं सोडा. पैसे मोजून वास घ्यायला शिकवलेलं नाक आहे ते, त्याला एवढं तरी कळायला पाहिजे.